नेम आणि नियम : नेमबाजीच्या मराठी परिभाषेतील शुद्धाग्रह

नेमबाजीचा नाद असलेल्या मंडळींत शस्त्राइतकाच शब्दावरूनही वाद होतो. कोणी ‘बंदुक’ असे लिहावे, ‘ती पिस्तूल’ म्हणावे किंवा काडतुसास गोळी म्हणावे, की मूळ प्रश्न बाजूस राहून शब्दाची उलटतपासणी सुरू होते. हा प्रकार हास्यास्पद म्हणून सोडून द्यावा, असे पुष्कळांस वाटेल. आमच्या मते त्याची छाननी अगत्याची आहे. कारण तीन निरनिराळ्या जातींचे दोष येथे एकाच तागडीत घातले जातात आणि तिन्हींना सारखीच शिक्षा दिली जाते.

पहिली जात लेखनाची. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने 1962 मध्ये स्वीकारले आणि 1972 मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली. त्यांनुसार मराठी शब्दांतील अकारान्तापूर्वीचा इकार वा उकार दीर्घ लिहावयाचा. तत्सम शब्द तेवढे अपवाद. म्हणून बंदूक, काडतूस, पिस्तूल हे दीर्घ; परंतु सामान्यरूपात बंदुकीला, काडतुसाला, पिस्तुलाला. परभणी जिल्ह्यातील जिंतूर हे ग्रामनामही याच वाटेने जाते : गाव जिंतूर, पण राहावयाचे जिंतुरात. नियम सुटसुटीत आहे आणि मुद्रणात एकरूपता आणण्यास उपकारक आहे, हे मान्यच केले पाहिजे.

तथापि तो कशाची परीक्षा घेतो? ‘गुण’ आणि ‘खूण’ यांतील उकार मराठी माणूस बोलताना सारखाच लांबवितो. एक ऱ्हस्व व दुसरा दीर्घ का, हे कळण्यास कान पुरत नाही. शब्दाचे कुळ ठाऊक असावे लागते. म्हणजे ही परीक्षा मराठीच्या ज्ञानाची कमी आणि संस्कृतच्या परिचयाची अधिक आहे. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. त्या परंपरेतल्या घरातील मनुष्यास ‘बंदूक’ हा शब्द परका नव्हता. परका होता तो त्याच्या उकाराचा नियम. अशा माणसाचे म्हणणे एका उकारासाठी अग्राह्य ठरविणे म्हणजे लेखनदोषाच्या निमित्ताने त्याचा बोलण्याचा अधिकारच काढून घेणे होय. ‘बंदुक’ असे लिहिल्याने कोणाचाही अर्थबोध अडत नाही.

दुसरी जात व्याकरणाची. मराठीत बंदूक ती, काडतूस ते आणि पिस्तूलही ते. ‘ती पिस्तूल’ हा हिंदीचा परिणाम दिसतो. कारण हिंदीत तो शब्द स्त्रीलिंगी आहे. उलट ‘रायफल’ इंग्रजीतून आली, जेथे तिला असे व्याकरणिक लिंग नव्हते. मराठीत ती बंदुकीच्या पंक्तीस बसून स्त्रीलिंगी झाली. तात्पर्य, उसन्या शब्दाचे लिंग शेजारधर्माने ठरते. अशा स्थळी रूढ रूप सांगावे; अपराध सांगू नये.

तिसरी जात परिभाषेची, आणि येथे मात्र आम्ही शुद्धाग्रह्यांच्या बाजूस आहोत. गोळी म्हणजे नळीतून सुटणारा शिशाचा वा धातूचा तुकडा; काडतूस म्हणजे पुंगळी, दारू, ठिणगी देणारा पेटक आणि गोळी मिळून झालेली वस्तू. बार झाल्यावर गोळी जाते आणि पुंगळी उरते. ‘जिवंत काडतूस’ या पंचनाम्यातील प्रयोगास काही जण हसतात. निर्जीव वस्तू जिवंत कशी, असे विचारतात. पण उडालेले आणि उडावयाचे यांतील भेद एका शब्दात सांगणारा याहून नेमका प्रयोग आमच्या पाहण्यात नाही. दहा मीटरवरील हवाई रायफलीत तर 4.5 मिलिमीटरचा छर्रा असतो आणि दारू मुळीच नसते. तेथे काडतुसाची भाषाच व्यर्थ आहे.

‘बोर’ या शब्दाचा गोंधळ याहून बोधप्रद आहे. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले असता एका गोळ्याचा जो व्यास, तो बारा बोरच्या नळीचा, सुमारे 18.5 मिलिमीटर. अर्थात आकडा वाढला की नळी लहान होते. याच्या उलट .22 किंवा .32 हे इंचाचे अंश आहेत. तेथे आकडा वाढला की नळी मोठी. आपल्याकडे ‘.32 बोर’ असा संकर रूढ आहे आणि बोलताना दशांशचिन्हही गळून ‘बत्तीस बोर’ होते. शब्दशः घेतल्यास त्या नळीचा व्यास 13 मिलिमीटरांवर जाईल, वस्तुतः.32 इंच म्हणजे सुमारे 8 मिलिमीटर. येथील दुरुस्ती निव्वळ शब्दाची नाही. ती मापाची आहे, आणि चुकीच्या मापाचे काडतूस नळीत घालणे हाताशी वा डोळ्याशी बेतू शकते.

शब्दांच्या शुद्धीचा खटाटोप जुनाच आहे. शिवकालीन राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देताना शस्त्रांसाठी स्वतंत्र वर्ग योजिला होता. तरी बोलण्यात बंदूक आणि तोफ टिकून राहिली. सावरकरांच्या भाषाशुद्धीतून ‘दिनांक’, ‘महापौर’ हे शब्द रुळले. मात्र ‘नेमबाज’ हा ‘बाज’ या फारसी प्रत्ययाचा शब्द कोणासही हलविता आला नाही. लोकांनी ज्याचा उपयोग जाणला, ते ठेविले.

यास्तव आमची कसोटी साधी आहे : दुरुस्तीने अर्थ, माप वा सुरक्षितता बदलते काय? बदलत असल्यास ती तत्काळ आणि कारणासह करावी. नसल्यास ती सवडीने व्हावी; मूळ प्रश्नाच्या उत्तरानंतर व्हावी. जिंतूरजवळच्या नेमगिरीचा ‘नेम’ नेमिनाथांशी जोडला जातो. व्यवहारात मात्र मराठी माणूस ‘नेम’ या एकाच शब्दाने व्रतनियमही सांगतो आणि लक्ष्यही. शुद्धाग्रह्यांनी पहिला अर्थ कसोशीने पाळला आहे. दुसऱ्याचे विस्मरण झाल्याने त्यांचा बार पुष्कळदा दोषास न लागता माणसास लागतो.