इंग्रजीमार्गे स्पॅनिश : व्याकरणाच्या माध्यमाचा चिकित्सक विचार

परकीय भाषेचे व्याकरण बहुधा दुसऱ्या एखाद्या भाषेच्या आधाराने शिकविले जाते. मराठी विद्यार्थ्याच्या हाती पडणारी स्पॅनिशची व्याकरणपुस्तके प्रायः इंग्रजी भाषकासाठी लिहिलेली असतात. त्यांतील सोपे-अवघडाचा निवाडा इंग्रजीच्या मापाने झालेला असतो. तो मराठी भाषकाला कितपत लागू पडतो, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातील विद्यार्थी उदाहरणादाखल घेतल्यास हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. घरी बोली, शाळेत प्रमाण मराठी आणि पुढे इंग्रजी अशा पायऱ्या चढून आलेल्या या विद्यार्थ्याला स्पॅनिश केवळ शेवटच्या पायरीवरून दाखविली जाते. 'मे गुस्ता एल पेस्कादो' म्हणजे 'मला मासळी आवडते'. येथे मासळी कर्ता आहे आणि आवडणारी व्यक्ती 'मला' या रूपात येते. इंग्रजी भाषकाला ही रचना उलटी वाटते, म्हणून तिचे विस्तृत स्पष्टीकरण द्यावे लागते; मराठीत ती नित्याचीच आहे. 'बेओ एल बार्को' (मी होडी पाहतो) आणि 'बेओ आ ख्वान' (मी ख्वानला पाहतो) यांतील 'आ' हे अव्यय मराठीतील 'ला' प्रत्ययाचेच काम करते. 'क्येरो के बेंगास' या वाक्यातील 'बेंगास' हे रूप इंग्रजी भाषकाला दुर्बोध वाटते. मराठीत 'तू यावेस अशी माझी इच्छा आहे' असा विध्यर्थ सहज उपलब्ध आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. 'मी चिठ्ठी वाचली' यात मराठी क्रियापद कर्माच्या लिंगवचनानुसार बदलते. 'लेई ला कार्ता' यातील 'लेई' मात्र केवळ कर्त्याला अनुसरते. मराठी भाषकाची चूक येथे होण्याचा संभव असूनही इंग्रजी पुस्तक त्याला सावध करीत नाही, कारण इंग्रजी भाषकाला हा धोका नसतो. रत्नागिरी परिसरातील बोलीत 'त्याने केलान', 'त्याने केलीन' अशी रूपे आढळतात. त्यांत कर्माबरोबर कर्त्याचा पुरुषही क्रियापदावर उमटतो. अशुद्ध म्हणून वर्गाबाहेर ठेवलेली ही रूपे कर्त्याचा पुरुष क्रियापदावर कसा उमटतो हे समजावण्यास उपयोगी ठरू शकतात. 'सेर' व 'एस्तार' या दोन क्रियापदांच्या बाबतीत मात्र मराठीचाही आधार तुटतो. 'तो मच्छीमार आहे' आणि 'तो बंदरात आहे' या दोन्ही वाक्यांत मराठीला एकच 'आहे' पुरतो.

परक्या साच्याचा हा प्रश्न नवा नाही. इंग्रज धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्स यांनी पोर्तुगीजमध्ये लिहिलेले कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये राचोल येथे मुद्रित झाले. त्याचा साचा लॅटिनचा होता. दादोबा पांडुरंग यांच्या १८३६ च्या मराठी व्याकरणावर इंग्रजीची छाया होती. मराठीच्या प्रयोगव्यवस्थेची सविस्तर चर्चा मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ग्रंथात आढळते.

इंग्रजी पुस्तके सदोष आहेत असे येथे म्हणावयाचे नाही. ती आपल्या वाचकाशी प्रामाणिक आहेत. दोष ती जशीच्या तशी स्वीकारण्यात आहे. त्यामुळे इंग्रजीत कच्चा ठरलेला विद्यार्थी स्पॅनिशसाठीही स्वतःला अपात्र समजतो. वास्तविक स्पॅनिशच्या अनेक रचना त्याच्या मातृभाषेत आधीपासूनच असतात. मराठीला प्रमाण मानून रचलेले स्पॅनिश व्याकरण ही म्हणूनच केवळ सोयीची नव्हे, तर शैक्षणिक न्यायाची गरज आहे.