यातलं कुठलं कोणी लिहिलं? : 'गुड ओमेन्स' आणि तिचे वाचक

आज बोलायचं आहे ते 'गुड ओमेन्स' या कादंबरीबद्दल. म्हणजे कादंबरीबद्दल थोडं, आणि तिचे वाचक तिच्याविषयी काय म्हणतात त्याबद्दल जास्त. या पुस्तकाचं नाव निघालं की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला एक प्रश्न हमखास येतो : यातलं कुठलं कोणी लिहिलं?

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कादंबरी १९९० साली इंग्लंडमध्ये आली. लेखक दोन, टेरी प्रॅचेट आणि नील गेमन. येत्या शनिवारी जग संपणार आहे. पण सहा हजार वर्षं पृथ्वीवर काढलेला एक देवदूत आणि एक सैतानदूत, अझिराफेल आणि क्रोली, यांना इथलं सगळं आवडायला लागलंय. एकाला जुनी पुस्तकं, दुसऱ्याला त्याची बेंटली गाडी. त्यातून ज्या मुलाच्या हातून जग संपायचं, तो जन्मल्या दिवशीच नन्सच्या गोंधळात बदलला गेलाय. अॅडम यंग या नावाने तो टॅडफील्ड नावाच्या गावात, एका साध्या घरात वाढतोय. आता तो अकरा वर्षांचा आहे.

आता वाचकांकडे येऊ. एक तक्रार आम्ही पुष्कळ ऐकली : हसायचं कुठे तेच कळत नाही. ती खोटी नाही. लंडनभोवतीचा एम-२५ हा रस्ता मुळात एक सैतानी चिन्ह आहे आणि तो तसा आखला जावा ही क्रोलीची करामत, हा विनोद तिथे गाडीत तासन् तास अडकलेल्या माणसाला लगेच लागतो. आपल्याकडे खंडाळ्याच्या घाटात अडकलेल्यालाही तो समजावून सांगावा लागत नाही. पण चार घोडेस्वारांचं तसं नाही. बायबलमधलं 'प्रकटीकरण' डोक्यात असलं तर रोगराई या स्वाराने पेनिसिलिनच्या नावाने बोटं मोडत १९३६ मध्ये निवृत्ती घेतली आणि त्याच्या जागी प्रदूषण आलं, यातली मजा कळते. नसलं तर ती नुसती माहिती वाटते. हा वाचकाचा दोष नाही आणि पुस्तकाचाही नाही.

बरं, न वाचता मत देणारेही आहेतच. २०१९ मध्ये यावर मालिका आली तेव्हा ती धर्मविरोधी आहे, बंद करा, अशा अर्जावर वीस हजारांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. अर्ज गेला नेटफ्लिक्सकडे. मालिका होती अॅमेझॉनची. हा प्रसंग कादंबरीत असता तर त्याला एक तळटीप नक्की मिळाली असती.

तर तो मूळ प्रश्न. अट्टल वाचक छातीठोकपणे सांगतात : तळटिपा प्रॅचेटच्या, अंधारं ते सगळं गेमनचं, माणुसकी प्रॅचेटची, पुराणकथा गेमनच्या. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात काय झालं? गेमननी सुरुवातीचे पाचेक हजार शब्द लिहिले आणि मित्रांना पाठवले. पुढे प्रॅचेटचा फोन आला, ही कल्पना मला विक नाहीतर आपण मिळून लिहू. मग दिवसातून अनेकदा फोन, टपालाने फ्लॉप्या आणि एकाने लिहिलेल्यावर दुसऱ्याचा हात. मूळ प्रत प्रॅचेटकडे असायची, त्यामुळे प्रत्यक्ष लिखाणही त्यांचं जास्त झालं. त्यांनीच सांगून ठेवलंय की अॅग्नेस नटर आणि मुलांची टोळी साधारण आपल्याकडून सुरू झाली, घोडेस्वार आणि जिथे जिथे अळ्या वळवळतात ते गेमनकडून. सुरुवातीवर गेमनची छाप जास्त, शेवटावर आपली. पण 'सुरू झाली' हा शब्द महत्त्वाचा आहे हं. कारण पुढे दोघांनी पात्रं अदलाबदल करून लिहिली.

आणि गंमत बघा, अशा वाचकाची थट्टा पुस्तकातच आहे. अॅग्नेस ही सतराव्या शतकातली चेटकीण. तिच्या भविष्यांच्या पुस्तकाची एकही प्रत खपली नाही. तिने ते छापलं कारण लेखकाला एक प्रत फुकट मिळते! पण तिची सगळी भविष्यं खरी. तिचा वंश पिढ्यान् पिढ्या त्या ओळींचे अर्थ लावत बसलाय, कार्डांवर टिपणं काढून. आणि अर्थ बहुतेक वेळा कधी लागतो? घटना घडून गेल्यावर. 'ही ओळ प्रॅचेटचीच' म्हणणारा वाचक आम्हाला याच घराण्यातला वाटतो.

इतकी वर्षं हा खेळ निरुपद्रवी होता. २०२४ पासून गेमनवर अनेक महिलांनी लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले, त्यांनी ते नाकारले. प्रॅचेट २०१५ मध्येच गेले. तेव्हापासून बऱ्याच वाचकांच्या बोलण्यात एक घाई दिसते : जे आवडलं ते प्रॅचेटच्या खात्यावर टाकून मोकळं व्हायचं. त्या घाईमागचं दुःख आम्हाला समजतं. चौदाव्या वर्षी ज्या पुस्तकाने सांभाळलं, ते हातातून जाऊ नये असं कोणाला वाटणार नाही? कोणी म्हणेल, मी आता हे उघडू शकत नाही. तोही निर्णय प्रामाणिक आहे. पण वाटणी मात्र प्रामाणिक नाही. ती करायची म्हणजे पुस्तक जसं लिहिलं गेलं त्याबद्दल खोटं बोलायचं. पुस्तक ठेवायचं असेल तर दोघांचं म्हणून ठेवावं लागेल, अवघडलेपणासकट.

उणिवा आहेतच. मधला भाग रेंगाळतो. घोडेस्वारांच्या मागे लागणारी ती दुसरी चौकडी एका विनोदापुरती बरी होती. शॅडवेल हे पात्र एकच सूर फार वेळ लावून धरतं. अॅनाथेमा, अॅग्नेसची ती वंशज, हुशार म्हणून येते आणि पुढे तिला करायला फारसं उरत नाही. हे सगळं सांगणारे वाचक बरोबर आहेत.

पण शेवट मवाळ आहे, जग फारच सहज वाचतं, हे आम्हाला पटत नाही. खरी लढाई आधीच होऊन गेलेली असते, टोळीच्या नेहमीच्या अड्ड्यावर. अॅडमच्या अंगात ती शक्ती आलीय. तो दोस्तांना जगाचे तुकडे वाटायला काढतो, हा देश तुला, तो तुला. तुला काय, असं विचारल्यावर तो म्हणतो, मला टॅडफील्ड आणि आजूबाजूची गावं. आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात येतं की ते तर आपल्याकडे आहेच, आणि दोस्त आपल्याला घाबरलेत. यात मवाळ काय आहे?

आणखी एक प्रसंग शेवटाकडचा. अॅनाथेमाच्या हाती अॅग्नेसचं दुसरं बाड येतं, आणखी भविष्यं. मालिकेत ते जाळलं जातं. पुस्तकात न्यूट तिला एवढंच विचारतो की तुला जन्मभर वंशजच राहायचंय का. तिने काय केलं ते दोघांपैकी कुठल्याही लेखकाने लिहिलेलं नाही.