टांकसाळीचे चिन्ह आणि प्रजेचे वाचन : हाली सिक्क्यासंबंधी काही विचार

राजमुद्रांकित नाण्यांवरील प्रतीकांचे विवेचन करणाऱ्या लेखनात एक गृहीत सहसा न तपासता स्वीकारले जाते. टांकसाळीने जे कोरले तेच प्रजेने वाचले, असे ते गृहीत होय. सूर्य कोरला की राजाचे तेज, अंकुश कोरला की दैवी अधिष्ठान, अशी समीकरणे मांडली म्हणजे प्रतीकार्थ संपला असे मानले जाते. युरोपातील ज्या सामग्रीच्या अभ्यासातून ही दृष्टी बळावली तिला ती पुष्कळशी शोभते. मराठवाड्यातील नाण्यांच्या बाबतीत मात्र ती अपुरी पडते.

फ्रान्सच्या राजांच्या टांकसाळीतून निघणाऱ्या ‘झतों’ या मुद्रांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. ‘टाकणे’ या अर्थाच्या फ्रेंच धातूपासून हा शब्द बनला. हिशेबाच्या पटावर टाकावयाच्या या सोंगट्या होत्या, चलन नव्हे. सतराव्या शतकापर्यंत त्यांचे हिशेबातील काम मागे पडले आणि राजाच्या खजिन्याचे, सैन्याचे, इमारतखात्याचे अधिकारी नववर्षाची भेट म्हणून चांदीचे झतों स्वीकारू लागले. त्यांवरील व पदकांवरील लॅटिन वचने रचण्यासाठी कोल्बेर याने 1663 मध्ये विद्वानांची एक लहान मंडळी नेमली. पुढे तिचीच अकादमी झाली. वचन रचणारा, ते कोरविणारा आणि भेट स्वीकारणारा हे तिघेही बहुतांशी एकाच सुशिक्षित वर्तुळातले होते. चौदाव्या लुईचा सूर्य पाहून काय समजावयाचे, हे त्यांना आधीच ठाऊक होते.

दख्खनमध्ये हे वर्तुळ नाही. पेशव्यांच्या पुण्याच्या टांकसाळीतील रुपयावर मोगल बादशहाचे नाव फार्सीत आहे, आणि गावाचे नावही औरंगजेबाने दिलेल्या ‘मुहियाबाद’ या नावासह आहे. शेजारी अंकुशाचे लहानसे चिन्ह आहे. काही अभ्यासकांना यात मराठ्यांची मांडलिकी दिसते, तर काहींना अंकुश हे गणपतीचे आयुध असल्यामुळे त्यात स्वतंत्र सत्तेची प्रच्छन्न घोषणा दिसते. दोन्ही अर्थ ओढून आणलेले वाटतात. बादशहाचे नाव ही नाणे सर्वत्र स्वीकारले जाण्याची हमी होती, आणि अंकुश ही सराफासाठी टांकसाळीची ओळख होती. सामान्य माणसाने फार्सी लेख बाजूस ठेवून त्या खुणेवरूनच रुपयास ‘अंकुशी’ म्हटले. फ्रेंचांचा अनुभवही निराळा नाही. 1736 मध्ये टांकसाळीचा अधिकार मिळाल्यावर त्यांनी पुदुच्चेरीत जे रुपये पाडले, त्यांवर लुईचे नाव नव्हते. मोगल बादशहाचे नाव व अर्धचंद्राची खूण होती. पॅरिसमधील सूर्य येथील बाजारात चालणारा नव्हता.

निजामाच्या राज्यातील नाण्यांत ही तफावत अधिक स्पष्ट होते. 1857 नंतर दिल्लीची बादशाही संपली, आणि तिच्या जागी ‘निजाम-उल्-मुल्क आसफजाह बहादूर’ हा लेख आला. त्याच्यासोबत 92 हा अंक दिसतो. अबजद पद्धतीने मीम 40, हे 8, मीम 40 व दाल 4 अशी ‘मुहम्मद’ या नामाची ती बेरीज आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मीर महबूब अली खान यांच्या कारकीर्दीत नाण्यावर चारमिनार आला. 1911 पासून मीर उस्मान अली खान यांच्या नाण्यांवर त्याच्या कमानीत ‘ऐन’ हे त्यांच्या नावाचे आद्याक्षर बसविले गेले. चारमिनार 1591 चा, म्हणजे कुतुबशाहीचा. आसफजाही घराण्याने आपले बोधचिन्ह पूर्वीच्या घराण्याकडून उचलले, ही गोष्ट प्रतीकांच्या चर्चेत सहसा येत नाही.

हा सारा अर्थव्यूह मंठ्यासारख्या गावी कितपत पोचला असेल? मंठा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. उत्तरेस काही कोसांवर लोणार, आणि लोणार वऱ्हाडात. 1853 पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे. सारा भरावयाचा तो निजामाच्या रुपयात, आणि सीमेपलीकडचा व्यवहार इंग्रजी रुपयात. 1900 च्या सुमारास मनमाड-हैदराबाद लोहमार्ग जालना व परतूरवरून सुरू झाल्यावर कापसाच्या व्यापारामुळे हा दुहेरी हिशेब आणखी वाढला. विसाव्या शतकात दर साधारणतः सहा इंग्रजी रुपयांस सात निजामी असा होता. शंभरास 116 रुपये 10 आणे 8 पै. रुपया घेणाऱ्याला ‘ऐन’ वाचता येण्याची गरज नव्हती. रुपया कोणत्या बाजूचा आहे, एवढेच त्याला ओळखावे लागे.

ही ओळख भाषेने पुरविली. इंग्रजी रुपया ‘कलदार’, म्हणजे कळेने, यंत्राने पाडलेला. निजामाचा ‘हाली’, म्हणजे सध्या चालणारा. मराठीतील ‘हल्ली’ हा शब्द याच अरबी मुळाचा. या जोडीत राजाचे नाव नाही, धर्म नाही, इमारत नाही. एका नावात घडण आहे, दुसऱ्यात चलन. गंमत अशी की चारमिनारचा रुपयाही यंत्रावरच पाडलेला होता, तरी तो ‘कलदार’ झाला नाही. शब्द व्युत्पत्तीपासून सुटून विरोधावर उभा राहिला होता, आणि म्हणूनच तो निश्चित अर्थ देऊ शकत होता. ‘सिक्का’ या शब्दाचा प्रवासही असाच आहे. अरबीत तो मुळात नाणे पाडण्याचा ठसा. हैदराबादेत तो नाणे झाला, आणि मराठीत ‘शिक्का’ होऊन पुन्हा ठशाकडे वळला.

नाणकसूचीत ‘हाली’ आणि ‘कलदार’ ही नावे आलीच तर ‘लोकप्रचारातील संज्ञा’ म्हणून कोपऱ्यात येतात, आणि ‘ऐन’च्या लहानमोठ्या आकारावर मात्र स्वतंत्र नोंदी होतात. आकारभेदाची नोंद आवश्यकच आहे. पण प्रतीकाचा अर्थ शोधावयाचा असेल तर हा क्रम उलटा आहे. सावकाराच्या वहीत रकमेपुढे लिहिलेले ‘हाली’ हे त्या नाण्याच्या वाचनाचे समकालीन साक्ष्य आहे. कमानीतील अक्षर हे केवळ टांकसाळीच्या इच्छेचे साक्ष्य.

1918 च्या चलन कायद्यानंतर हैदराबादने कागदी नोटा काढल्या, आणि त्यांवर उर्दू व इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू व कन्नड या प्रजेच्या भाषांतही किंमत छापली. चांदीच्या रुपयावर जे कधी आले नाही ते कागदावर आले. सरकारने या चलनाचे अधिकृत नाव ‘उस्मानिया सिक्का’ ठरविले. मराठवाड्याच्या बोलीत ते अखेरपर्यंत ‘हाली’च राहिले.