चौथा गट

एप्रिल २००९मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक शोधनिबंध आला. विषय: गर्भाशयमुखाचा कर्करोग. त्यातल्या १,३१,७४६ बायका उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईचं टाटा मेमोरियल या कामात होतं. आपल्या खेड्यांतल्या बायकांविषयी लिहिलेला हा मजकूर आपण मराठी वाचकांनी नीट वाचायला हवा.

३० ते ५९ वयाच्या निरोगी बायका. गावांचे ५२ समूह, आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडलेले चार गट. तीन गटांत एकेक तपासणी, तीही एकदाच: एचपीव्ही चाचणी, पॅप स्मिअर, किंवा ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं. चौथ्या गटाला ‘नेहमीचे उपचार’.

आकडे घाईत वाचले तर फसवतात. एचपीव्ही गटात कर्करोग सापडले १२७, चौथ्या गटात ११८. मग चाचणी वाया गेली का? नाही. हाताबाहेर जाऊ लागलेले कर्करोग बघा: ३९ आणि ८२. आठ वर्षांतले मृत्यू: ३४ आणि ६४. शोधलं म्हणून जास्त सापडलं, लवकर सापडलं म्हणून कमी बायका दगावल्या. इथवर निबंध चोख आहे.

माझी हरकत ‘नेहमीचे उपचार’ या शब्दांना आहे. त्यांचा अर्थ, कोणी तपासायला येत नाही. तुलनेला गट नसेल तर फायदा सिद्ध कसा होणार, हा संशोधकांचा मुद्दा खरा आहे. पण पॅप स्मिअर श्रीमंत देशांत कित्येक दशकं रुळलेली होती. इथे तिच्या शेजारी बिनतपासणीचा गट ठेवता आला, कारण इथे तपासणीच नव्हती. निबंध ही परिस्थिती गृहीत धरतो, तिला प्रश्न विचारत नाही. यावरून पुढे नैतिकतेचा वादही झाला.

पुढची गोष्ट जास्त बोचते. २०१६मध्ये केंद्र सरकारने देशभरासाठी डोळ्यांनी पाहण्याची तपासणी निवडली. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ती दर दोन वर्षांनी केल्यावर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले होते. उस्मानाबादेत एकदाच केल्यावर लक्षणीय फरक पडला नव्हता. म्हणजे ती पुन्हा पुन्हा व्हायला हवी. प्रत्यक्षात २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांत दोघींचीही तपासणी एकदासुद्धा झालेली नव्हती.

म्हणून हा निबंध फक्त धाराशिवचा नाही. तुम्ही माळशेजच्या वाटेवरच्या मढचे असा की आणखी कुठले, आईला, मावशीला विचारा: ही तपासणी कधी झाली? उत्तर ‘नाही’ आलं, तर ती आजही चौथ्या गटात आहे. त्या ६४ जणी निदान मोजल्या तरी गेल्या.