फाशाविना खेळ

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ 1974 साली अमेरिकेत निघाला. टेबलाभोवती बसलेले सवंगडी मिळून साहसकथा रचतात. पण बेत फळणार की फसणार, हे वीस बाजूंचा फासा ठरवितो. चित्रपटात सारे पटकथेने आधीच ठरविलेले. मग खेळाचा प्राण पडद्यावर यावा कसा?

2000 सालच्या चित्रपटाला हा प्रश्नच पडला नाही. ड्रॅगन आले, जेरेमी आयर्न्स गरजले (नटाचा केवढा हा अपव्यय!), खेळ टेबलावरच राहिला.

2023 च्या 'ऑनर अमंग थीव्ज'मध्ये गोल्डस्टीन-डेली या दिग्दर्शकद्वयाने मर्म ओळखले, असे आम्हांस वाटते. येथे बेत सतत फसतात. पूल ओलांडण्याचे क्लिष्ट नियम एक वीर गांभीर्याने सांगत असतानाच दुसऱ्याचा पाय पडतो आणि पूल कोसळतो! प्रेताला पाचच प्रश्न विचारता येतात, हा खेळातलाच नियम. ते प्रश्न वाया जाताना पाहून आम्ही मनमुराद हसलो. खलनायिका मात्र फिकी वाटली.

मृत पत्नीसाठी नायकाने मिळविलेली, एकदाच उपयोगी पडणारी संजीवन-पाटी अखेर तो होल्गासाठी वापरतो. त्याच्या लेकीला वाढविले ते होल्गानेच. येथे फाशाची आठवणही आम्हांस झाली नाही.