तुळईखालचं कुसू

पुण्यात वाडा उतरवला की त्याचं सागवान जुन्या लाकडाच्या वखारीत येऊन पडतं. तिथे गेलो की मी आधी खांबांचे माथे बघतो. केळफुलांचं आणि महिरपींचं कौतुक विश्रामबाग वाड्यासमोर उभं राहून सगळेच करतात, आणि ते करावंच. पण खांबाच्या डोक्यावर चारी बाजूंनी लाकूड उतरवून जे चौकोनी बोट राखलेलं असतं, ते कुसू घर नांदतं असेपर्यंत कुणाच्याच नजरेला पडत नाही.

खांब आणि तुळई यांच्यामध्ये हस्त असतो, दोन्हीकडे बाह्या पसरलेला जाड ठोकळा. त्याच्या भोकातून कुसू वर जातं आणि तुळईच्या पोटात शिरतं. ओझं मात्र कुसवावर येत नाही. ते येतं त्याच्या भोवतीच्या, खांबाच्या खांद्यांवर. कुसवाचं काम एवढंच, तुळईला हलू द्यायचं नाही. म्हणूनच जाणता सुतार ते भोकाच्या खोलीपेक्षा किंचित आखूड ठेवतो. टोक वर टेकलं तर खांदे अधांतरी राहतील आणि सगळा भार त्या बोटावर येईल. दोन धाग्यांएवढी ती मोकळी जागा मला अख्ख्या नक्षीहून देखणी वाटते.

दोन तुळयांची टोकं भेटतात तीही बरोबर खांबावर, हस्ताच्या मांडीवर. खणाच्या मध्यावर तुळई वाकते, तिचा तळ ताणला जातो. तिथे सांधा कोण घालेल? तुळयांवर आडव्या कड्या बसवतानाही तोच विवेक. खाच घ्यायची ती कडीच्या पोटाला, टोकाजवळ आणि उथळ. तुळईला शक्यतो छिन्नी लागू द्यायची नाही. मग वर फळ्या, त्यावर मातीचा थर. माळ्यावर धान्य चढलं की खांदे आणखी घट्ट बसतात. ज्या भाराने घर खचायचं, तोच सांधा दाबून धरतो.

आणि सांध्यांत खिळा नसल्यामुळे मोगरीच्या चार ठोक्यांत हे सगळं सुटं होतं, फळी न चिरता. हे सांधे बघायला शनिवारवाड्यात जाऊन भागत नाही; त्याच्या आतलं बहुतेक लाकूड १८२८च्या आगीत गेलं, आता तिथे दगडी जोतीच वाचायची. वखारीत निदान सांधा हाताळता येतो. पण तिथेही घाई करावी लागते. दाराच्या चौकटीला सरळ लांबी हवी असते, म्हणून करवत पहिल्यांदा फिरते ती कुसवावर. कोपऱ्यात त्या चौकोनी तुकड्यांचा ढीग असतो, बंबात घालायला.