गोडसेभटजींबरोबर डहाणूपर्यंत

डहाणू लोकलमध्ये बसायला मिळालं की मला झोप लागते. त्यामुळे माझं बरंचसं वाचन उभ्यानेच होतं. (२०१३ पर्यंत लोकल विरारलाच दमायची, तेव्हा माझं वाचनही तिथवरच.) परवा हातात विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ होतं.

या पुस्तकाचं नाव काढलं की लोक एकदम झाशीच्या राणीवर जातात. पण भटजी काही लढाई बघायला निघाले नव्हते. घरावर कर्ज, मथुरेला बायजाबाई शिंद्यांचा यज्ञ, म्हणून पेणजवळच्या वरसईहून काकांना घेऊन दक्षिणेसाठी उत्तरेकडे! साल नेमकं १८५७. असा मुहूर्त भटजींनाच काढता यावा!

जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगताना भटजींचा हात धरणारा मराठीत दुसरा नाही. जे कानांनी पाहिलं तिथे मात्र जरा जपून. राजेरजवाड्यांची खलबतं ते अशी सांगतात, की वाटावं, हे पाट मांडून तिथेच बसले होते. पण झाशीची लूट वाचा. आधी सोनंनाणं, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापडचोपड आणि धान्य. राज्य बदलतं म्हणजे काय, हे इतिहासाच्या गुरुजींनी मला सनावळ्यांत सांगितलं. भटजी ते घागरीपर्यंत आणून सांगतात. आणि हे सगळं पंचवीसएक वर्षांनी, आठवून! चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ साली छापलं, पण भाषेवरून बराच हात फिरवून. मला विचाराल तर दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून काढलेली प्रत घ्यावी. इस्त्री केलेले भटजी मला परके वाटतात.

पालघर गेलं आणि मला डहाणूचा किल्ला आठवला. पोर्तुगीजांचा; १७३९ साली मराठ्यांनी घेतला, मग इंग्रज आले, तेही गेले, आणि आत सरकारी कचेऱ्या थाटल्या गेल्या. पण गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचलेल्याला ठाऊक असतं, की १९४५ साली तलासरीकडे झरीला वारल्यांची सभा भरली, तोवर त्यांच्या मानेवरची वेठ काही सुटली नव्हती. वर राजा कोण, याने त्यांना काय फरक पडला? भटजींच्या पुस्तकात मला हेच उणं वाटतं. ओझं वाहणारा माणूस त्यांच्या वाटेवर भेटतो, पण फारसा बोलत नाही.

“कसली गोष्ट हाय?” शेजारच्या पाटीवाल्या आजींनी विचारलं. मी थोडक्यात सांगितली.

“मंग पैसं मिळालं का त्याला?”

“मिळाले. वाटेत लुटले गेले.”

“आन् घरी काय नेलं?”

“गंगेचं पाणी. आईबापांसाठी. खांद्यावर कावड घेऊन, चालत.”

आजींनी चिकूंची पाटी मांडीवर ओढली आणि मला बसायला जागा केली. डहाणू आलं तेव्हा त्यांनीच मला उठवलं.